तिगावच्या फाटकानंतरचा दुसरा गिअर

बेंगळुरू,
गोटमार होऊन गेल्यावरचा रविवार

तीर्थरूप वसंतमामांस,

रोशनचा वाकून नमस्कार. मालतीमामीले वेगळा नमस्कार, कारण तुमच्या नमस्कारात तिचा धरला तं ती रागावते हे मले माहीत आहे. तुमच्या कमरेची उसण कशी आहे? पिकअप सकाळी पहिल्या चावीत सुरू होते, की अजून मामीलेच मागून ढकलावं लागते? आंबिया बहाराची फळगळ जास्त नसेल, झाडावर संत्रा टिकून असेल, अशी आशा करतो. इकडं संत्रा म्हणून जे विकतात ते पाहून मले रडू येते. एका फळवाल्याले मी सांगतलं की आमच्याकडं असा माल आम्ही बकरीसमोर टाकतो, अन् बकरी तोंड फिरवते. त्याले मराठी समजत नव्हती म्हणून आमचे संबंध चांगले राहिले.

मी इथं खुशाल आहो. हे वाक्य लोक सवयीनं लिहितात, मी विचार करून लिहून राहिलो. मी निघालो तेव्हा तुम्ही पांढुर्ण्याच्या स्टँडवर, पानठेल्यासमोर, चार लोकांत म्हटलं होतं, "घ्या लिहून, हा पोळ्याच्या आत वापस." तं मामा, पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची गोटमार झाली, जाम नदीचं पाणी वाहून गेलं, अन् मी अजून बेंगळुरूतच आहो, अन् नोकरीवर आहो. हे पत्र तुम्ही त्याच पानठेल्यावर मोठ्यानं वाचलं तरी माही हरकत नाही. (ता. क. सोडून. ता. क. तुम्ही घरी, एकट्यानं, चष्मा लावून वाचा.)

तुम्ही म्हणाल, फोन सोडून पत्र काऊन? कारण फोन केला की तुम्ही "बरं आहे ना? बरं" म्हणता अन् मामीकडं देऊन टाकता. व्हॉट्सॲपवर लिहिलं तं आधी तुमचा पोट्टा वाचते, मग त्याचे दोस्त, अन् मग तुमच्यापर्यंत नुसतं हसणं येते. नववीनंतर इतकं लांब मी पहिल्यांदाच लिहून राहिलो, तं अक्षराले नावं ठेवू नका. मी कुठं टिकत नाही हे तुमचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. बुटीबोरीची मिल मले गरम पडली, सुरत कोंदट पडलं, अन् हैदराबादचा मालक चांगला होता पण त्याचा साला चांगला नव्हता. पण या वेळी टिकणं मले जरुरी होतं. काऊन, ते मागून सांगतो. आधी टिकलो कसा ते ऐका, कारण त्यात तुमचा हात आहे. हात काय, पाय पण तुमचाच आहे.

तुम्ही लोकांले सांगून राहिले म्हणे, की रोशन बंगलोरात टॅक्सी चालवते. हे चुकीचं आहे. मी गाडी चालवतो, पण कोणाले कुठं नेत नाही. ऑफिसपासून निघायचं, तलावावरून बाजारात, बाजारातून रेल्वे फाटक, फाटक ओलांडून मोठा फेरा घेऊन वापस ऑफिस. रोज तेच, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गर्दीत. गाडीत डॅशबोर्डखाली तंबाखूच्या डब्बीएवढी एक डब्बी बसवलेली आहे. ॲक्सिलेटर किती दाबला, ब्रेक केव्हा मारला, स्टेरिंग झटक्यानं फिरवलं की प्रेमानं, कुठं कोणता गिअर टाकला, सगळं ती टिपते. अन् मग ऑफिसातली मशीन तेवढ्यावरून सांगते की गाडीवर कोण बसला होता. चेहरा पाहत नाही, नाव विचारत नाही, नुसता पाय अन् हात. आमच्या केतकी मॅडमनं (मराठी आहे, नाशिककडची, वयानं माह्याएवढीच, पण आपल्या बोलीतलं निम्मं तिच्या डोक्यावरून जाते) मले समजावलं की उद्या गाडी चोरीले गेली तं गाडीच म्हणेल, हा माहा मालक नाही. मी म्हटलं, मॅडम, यात नवीन काय, आमची मामी चपलेच्या आवाजावरून सांगते की आज मामाले मंडीत भाव भेटला की नाही. मॅडमनं ते लिहून घेतलं.

आम्ही इथं डझनभर ड्रायव्हर आहो, अन् प्रत्येकाची तऱ्हा वेगळी पाहिजे म्हणून मुद्दाम वेगवेगळ्या मुलखातून घेतले आहे. लुधियान्याचे एक सरदारजी आहेत, ते सिग्नल सुटला की असे निघतात जसं मागून कोणी वरात घेऊन येऊन राहिलं अन् नवरदेव हेच आहेत. केरळचे थॉमस समोरच्या गाडीनं थांबायचा विचार करायच्या आधी ब्रेक मारतात. इथला शिवण्णा आहे, तो शहाळ्याची हातगाडी दिसली की पाय ढिला करते, प्यायचं नसलं तरी. मशीनले पाच मिनिटं गाडी चालवून दाखवली की ती सांगे, हा शिवण्णा. चुकायचीच नाही. आमच्या इकडं नवरी पाहायले गेलेले लोक पण इतकं बारकं पाहत नाही.

अन् मग माह्यासंग खोलीत राहतो तो हर्षल. लोधीखेड्याचा. तुमच्या लक्षात असेल, उंच, वाळका, हाव म्हणून होकार देताना मान आडवी हलवते. तो इथं माह्या आधीच लागला होता. आमची ओळख इथंच झाली, पण पहिल्याच दिवशी निघालं की दोघंही गाडी तुमच्याच पिकअपवर शिकलो. तसं पाहिलं तं अर्धा पांढुर्णा अन् पाव सौसर तुमच्या पिकअपवर शिकला. मागं सुट्या संत्र्याचा ढीग, बाजूले तुम्ही, अन् धक्का बसून एक जरी संत्रा रस्त्यावर पडला तं शिकणाऱ्यानं उतरून, धावत जाऊन आणायचा. हर्षल म्हणते, मी गाडी कमी शिकलो अन् धावणं जास्त.

तं एक दिवस आमच्या प्रतीक सरनं (हे मोठे साहेब, जबलपूरकडचे, हिंदीत बोलतात) आम्हा दोघांले आत बोलावलं अन् दार लावलं. म्हणाले, मशीन म्हणते की रोशनच्या नावावरची गाडी अन् हर्षलच्या नावावरची गाडी एकच माणूस चालवते. मतलब एक जण खोलीत झोपते अन् दुसरा दोघांच्या नावानं गाडी फिरवते. "सच बताओ भाई, तुम दोनों में से असली कौन है?"

हर्षल म्हणाला, "सर, हा माह्या नावानं गाडी चालवंल? हा माह्या नावानं चहा बी नाही आणत."

सरनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या एकाच टाइमले काढल्या. माह्या गाडीत सर बसले, हर्षलच्या गाडीत मॅडम. म्हणजे आता तरी मशीनले समजावं की माणसं दोन आहेत. आम्ही वापस आलो, मशीनले दाखवलं, अन् मशीन म्हणाली, दोन्ही गाड्या रोशननं चालवल्या. एकाच टाइमले, मामा. सरनं चष्मा काढला अन् पुसला अन् परत घातला. चोरी तं नाही, हे त्यायले पटलं. पण मग वेगळंच संकट आलं. ते म्हणाले, इथं प्रत्येक ड्रायव्हर वेगळा पाहिजे, एकासारखे दोन ठेवून मशीनचा काही फायदा नाही. येत्या सोमवारपर्यंत फरक दिसला तं ठीक, नाही तं दोघांतला एक घरी जाईल. कोणता, ते म्हणे आपसात ठरवा.

खरं सांगतो, आधी मले थोडा आनंद झाला होता, की मशीन दोघांले रोशन म्हणते, हर्षल म्हणत नाही. हर्षलले तेच झोंबलं. "काऊन बे? तुह्याच नावानं काऊन? तुह्या आधी लागलो मी इथं!" मी म्हटलं, मशीनले ओरिजिनल समजते. त्यानं त्या दिवशी माह्या वाट्याची भाजी पण खाऊन टाकली. पण सोमवारपर्यंतचे दिवस मी बोटावर मोजून राहिलो होतो. तुमचं ते "घ्या लिहून" कानात वाजे. अन् हर्षलच्या घरी त्याची माय एकटी, तो गेला तं तिचं कसं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, जायचं कोणी नाही, वेगळं दिसायचं.

आता मामा, वेगळी गाडी चालवणं किती कठीण आहे हे तुम्ही एकदा करून पाहा. हर्षलनं छिंदवाडा लाइनच्या बस ड्रायव्हरसारखी चालवली. कोपरा खिडकीबाहेर, एका हातानं स्टेरिंग, वळणावर दुसरा हात मिशीले (मिशी नाही, तरी). मागं बसलेल्या मॅडमनं वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. मशीन म्हणाली, रोशन. मी हर्षलचे बूट घालून चालवली, ते मले आखूड होतात. मॅडम म्हणाली, "मशीनच्या मते हा रोशनच आहे, पण आज त्याला काहीतरी टोचतंय." मग मी तोंडात सुपारी धरून पाहिली, हर्षलनं गाणं म्हणून पाहिलं. गाण्यानं मशीनचं काही झालं नाही, थॉमस मात्र दुसऱ्या गाडीत जाऊन बसले.

शेवटी शुक्रवारी मॅडम लॅपटॉप घेऊन आमच्याजवळ येऊन बसली. तिनं साऱ्या ड्रायव्हरच्या रेघा एकावर एक काढल्या होत्या. म्हणाली, हे बघा, रेल्वे फाटक ओलांडलं की सगळेजण वेग वाढवतात. सरदारजीची रेघ तं छतालेच लागली होती. अन् तुम्ही दोघंच असे आहात की फाटकानंतर दुसऱ्या गिअरात जाता, अन् बराच वेळ तिथंच राहता. वळण नाही, खड्डा नाही, गर्दी नाही. स्टेरिंग पण लाकडासारखं ताठ. असं का करता?

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "नियम आहे ना!"

"कोणता नियम?"

मग आम्ही पाढा म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. फाटक ओलांडलं की दुसरा गिअर. पाठ ताठ. हॉर्न नाही. टेप बंद. डावीकडं पाहायचं नाही. पुढचं वळण आलं की मग तिसरा टाकायचा अन् श्वास सोडायचा.

"श्वास?" मॅडम म्हणाली.

प्रतीक सर आले. त्यायनं कॉम्प्युटरवर वाहतुकीचे सारे नियम काढले, खालपर्यंत वाचले. नाही भेटला. हर्षल म्हणाला, फक्त मध्य प्रदेशात असेल. मी म्हटलं, पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा नवीन निघाला असेल. (शिकलो आम्ही जिल्हा व्हायच्या आधी, हे मले बोलल्यावर आठवलं.) सर म्हणाले, ये नियम बताया किसने? आम्ही म्हटलं, वसंतमामांनी. "कौन वसंत मामा? आरटीओ में हैं?" हर्षल म्हणाला, "आरटीओ त्यायले घाबरते."

तेव्हा मी तुम्हाले फोन लावला. तुमच्या लक्षात असेल, तुम्ही "बरं आहे ना? बरं" म्हटलं अन् मामीकडं दिला. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू, सारं ऑफिस भोवती. मी विचारलं, मामी, फाटकानंतर दुसऱ्या गिअरात जायचा नियम कुठचा आहे? अन् मामी जी हसाले लागली, ती थांबेच ना.

"अरे पोट्ट्या, तो कायचा नियम! तिगावच्या फाटकाच्या पुढं डाव्या हाताले माहं माहेर नाही का! ओसरीत बाबा बसते ना खाटेवर!"

मग तिनं सारं सांगतलं. मामा, माफ करा, मले थांबवता आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीले तुम्ही नवी मोटरसायकल घेऊन, मामीले मागं बसवून, हॉर्न वाजवत वाजवत तिगावले गेले. रस्त्याच्या कडेले तुमच्या सासऱ्यानं, म्हणजे रामाजीबाबानं, लाल मिरच्या वाळू घातल्या होत्या. तुम्ही त्यातून गाडी घातली. सारी गल्ली शिंकली. रामाजीबाबा पण शिंकत शिंकत उठले, जवाई म्हणून शिव्या गिळल्या, नुसती काठी घेतली अन् तुमच्या मोटरसायकलच्या पुढं चालाले लागले. पुढच्या वळणापर्यंत. तुम्ही मागून, पाठ ताठ करून, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. "तेव्हापासून त्यायची गाडी तिथं उठतच नाही," मामी म्हणाली. "पोट्ट्यायले शिकवाले नेलं तं काय सांगतील, सासऱ्याले भेतो म्हणून? नियम म्हणून सांगतलं असंल. आता बाबाले इंजिनाचा आवाज बी नीट ऐकू येत नाही, पण हे अजून टेप बंद करते!"

मॅडमनं हे सरले हिंदीत सांगतलं, सरनं थॉमसले इंग्रजीत सांगतलं, थॉमसनं शिवण्णाले कोणत्या भाषेत सांगतलं माहीत नाही, पण शिवण्णा सगळ्यांत शेवटी हसला अन् सगळ्यांत जास्त हसला. त्यालेही सासरा आहे.

अन् आता खरी गोष्ट. शनिवारी मोठी मीटिंग झाली. भिंतीवर पडदा, त्यावर साऱ्यांच्या रंगीत रेघा, अन् फाटकानंतर आमच्या दोन रेघा एकमेकीचा हात धरून खाली उतरलेल्या. मॅडमनं त्यायच्याजवळ इंग्रजीत लिहिलं, "तिगाव". मामा, जिथून मोठ्या रेल्वेगाड्या न पाहता धडधडत निघून जातात, त्या तिगावचं नाव बंगलोरच्या भिंतीवर! मॅडम सांगून राहिली होती की माणसाची चालवण्याची तऱ्हा त्याच्या एकट्याची नसते, शिकवणाऱ्याची भीतीसुद्धा त्यात उतरते. सारे माना हलवून राहिले होते. हर्षल पण हलवत होता, आडवी. तुम्ही घरी खाटेवर बसून बिडी ओढत होते, अन् इथं शिकलेले लोक तुमच्या भीतीचा आलेख पाहून टाळ्या वाजवून राहिले होते.

पण सोमवार राहिला होताच. आम्ही दोघं परत गाडीवर बसलो. हर्षलले आता समजलं होतं की नियम-बियम काही नाही, अन् रामाजीबाबा काही त्याचे सासरे नाहीत. त्यानं फाटक ओलांडलं, थेट तिसरा टाकला, मग चौथा, काच खाली केली अन् टेप फुल. मॅडम म्हणे, तो इतका खूश होता की वळण आल्यावर सवयीनं श्वास सोडाले गेला, तं श्वास धरलेलाच नव्हता. अन् मी फाटक ओलांडलं तं माहा हात गेला दुसऱ्याच गिअरावर. पाठ ताठ. टेप बंद. बस, मशीननं सांगून टाकलं, हे दोन माणसं आहेत. एक हर्षल, एक रोशन. सरनं दोघांशी हात मिळवला. दोघंही पक्के. हर्षलनं त्याच्या मायले फोन केला, मी तुम्हाले पत्र लिहायले कागद आणला. मॅडमनं फक्त एक विचारलं. "तुलाही आता कारण माहीत झालं ना? मग तुझा वेग का नाही वाढला? उलट आणखी कमी झालाय." मी म्हटलं, सवय, मॅडम. ती माह्याकडं पाहून हसली, पण मशीनमध्ये काही लिहिलं नाही. चांगली बाई आहे.

तं असा तुमचा भाचा टिकला. पानठेल्यावर सांगा. स्टँडवरच्या चार लोकांले सांगा. ज्यायनं तेव्हा मान हलवली होती त्यायले दोनदा सांगा.

तुमचा,
रोशन
(पक्का)

ता. क. मामीचं लिंबाचं लोणचं हर्षलनं संपवलं. कोणी इकडं येत असेल तं दोन बरण्या पाठवाव्या, एकीवर माहं नाव मोठं लिहावं.

ता. क. दुसरा. इथून एकट्यानं वाचा. मॅडमले मी सवय सांगतलं, तुम्हाले खरं सांगतो. मागच्या दिवाळीले मामीनं मले फराळाचा डब्बा देऊन तिगावले पाठवलं होतं. मामीच्या भावाची पोरगी पूनम तुम्हाले माहीतच आहे, सौसरले कॉलेजात जाते. ती फाटकाजवळ उभी होती. म्हणाली, "तू आमच्या घरापुढून गाडी इतकी हळू काऊन नेतं? लोकायले वाटते पेट्रोल संपलं." मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, "मग रोज पाळत जा." तेव्हापासून मामा, फाटक कोणतंही असो, माहा पाय उठत नाही. हर्षलची भीती उसनी होती, ती गेली. माहं कारण स्वतःचं आहे.

मामीच्या कानावर हे आहे. तिनं हळूच रामाजीबाबाजवळ विषय काढून पाहिला होता. ते म्हणाले, पोट्टा चांगला आहे, पण कुठं टिकत नाही, टिकला तं बोलू. म्हणून मी टिकलो. आता दसऱ्यानंतर मोहगावचे लोक पूनमले पाहाले येऊन राहिले. परवा तिचा फोन होता. म्हणाली, "तू येत राह्य असाच दुसऱ्या गिअरात, तोवर मोहगाववाले चहा पिऊन, साखरपुडा करून जातीन." त्यावर मले झोप लागली नाही.

ता. क. तिसरा. तं मामा, दसऱ्याच्या आत तुम्ही माहा विषय घेऊन तिगावले जा. मामीले संग नेऊ नका. लेक बोलली तं बाबा ऐकतील, पण मग म्हणतील की जवाई बाहेरच राहिला. मोटरसायकल नको, पिकअपच न्या. मिरच्या सध्या रस्त्यावर नाहीत, पूनमले विचारून घेतलं आहे. फाटक ओलांडलं की तुमचा हात आपोआप दुसऱ्या गिअरावर जाईल, जाऊ द्या. पण या वेळी तसंच पुढच्या वळणापर्यंत जाऊ नका. ओसरीसमोर थांबा, गाडी बंद करा, अन् डावीकडं पाहा.